आत्या खुर्चीत बसतात

तिकीट आणल्या दिवसापासून दादा आणि आत्या एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांच्या मधे वहिनींच्या चपला झिजत होत्या.

त्या दिवशीही तेच. गोदामाच्या एका टोकाला दादा खुर्च्यांच्या गठ्ठ्यांना दोर आवळत उभे, दुसऱ्या टोकाला त्यांची धाकटी बहीण, म्हणजे साऱ्या घराच्या आत्या, ट्रकवर चढणाऱ्या मालावर नजर ठेवून. मधलं अंतर हाकेचं. पण हाक आधी मारायची कुणी?

"तिला म्हणावं, मागच्या फळीतल्या खुर्च्या आत्ता चढवू नकोस. त्यांचे पाय ओले आहेत," दादा बायकोला, म्हणजे वहिनींना, म्हणाले.

वहिनी चालत गेल्या. "वन्सं, हे म्हणतात..."

"ऐकू आलं मला. त्याला म्हणावं, पाय मी सकाळीच पुसलेत."

वहिनी परत आल्या. "पुसलेत म्हणतात."

"ऐकलं मी."

"दोघांनाही ऐकू येतं, मग मला कशाला पळवता? मी काय मागावरचा धोटा आहे?"

दादांनी गाठ आवळली. उत्तर द्यायचं नसलं की दादा गाठ आवळत. त्यांच्या गाठी म्हणूनच कुणाला सुटत नसत.

भांडणाचं मूळ होतं आबांच्या एका वाक्यात. आबा म्हणजे दादा-आत्यांचे वडील, गोदाम उभं केलं ते त्यांनी. शाळेच्या मोडक्या बाकांपासून सुरुवात करून अख्खं मैदान भरेल इतक्या खुर्च्या त्यांनी जमवल्या आणि जाताना घराला एक नियम ठेवून गेले: खुर्ची देणाऱ्याचं बूड खुर्चीला लागायचं नाही. पाहुणा उभा आणि खुर्चीवाला बसलेला, असं एकदा जरी दिसलं तरी पुढचं काम दुसऱ्याकडे जातं, असं ते म्हणत. त्यामुळे या घरातली माणसं लग्नं, सभा, निरोपसमारंभ, सगळं मागं उभं राहून बघत आली. वहिनींच्या स्वतःच्या लग्नात खुर्च्या सासरच्या होत्या, म्हणून नवरदेव अखेरपर्यंत उभे. फोटोत वहिनी एकट्या बसल्यात आणि शेजारी दादा खुर्चीची पाठ धरून, जणू ती बाई कार्यक्रम संपल्यावर परत न्यायची आहे.

आणि आता आत्यांनी तिकीट काढलं होतं. तेही कुणाचं? 'बिनपगारीं'चं.

'बिनपगारी' म्हणजे एका कारखान्यातून कमी केलेली पाच पोरं. हातात गिटार घेऊन बोंबलायला लागली तेव्हा त्यांना खुर्च्या द्यायला कुणी तयार नव्हतं. आबांनी दिल्या. तंत्रशाळेच्या हॉलमधल्या त्या पहिल्या कार्यक्रमात, शिल्लक खुर्च्यांच्या चळतीवर हात ठेवून, वेणी घालायच्या वयाच्या आत्या मागं उभ्या होत्या. तो हात तिथून निघाला तो गालावर गेला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथंच राहिला. पुढं पोरांची नावं झाली, मैदानं भरली, त्यातले दोघं भांडले, एक मेला, उरलेले म्हातारे झाले. ते जेव्हा जेव्हा या गावात आले तेव्हा खुर्च्या याच घराच्या आणि आत्या मागं उभ्या. त्यांनी आयुष्यभर 'बिनपगारी' पाहिले ते लोकांच्या डोक्यांमागून. गायकाला टक्कल पडल्याचं त्यांना वर्तमानपत्रातून कळलं.

पण खरं दुखणं ते नव्हतं. 'हातात बूट' नावाचं त्यांचं एक संथ गाणं आहे. रात्री उशिरा घरी आलेला माणूस बूट हातात घेऊन स्वतःच्याच दारात उभा राहतो, एवढीच गोष्ट. रेकॉर्डवर ते दोन कडव्यांत संपतं. तिसरं कडवं फक्त समोर, लोकांत म्हणायचं, असं त्या मंडळींनी ठरवलेलं, आणि ते त्यांनी कधी छापू दिलं नाही की रेकॉर्ड होऊ दिलं नाही. ते गाणं येतं शेवटी. आणि शेवट जवळ आला की आधी आबांची आणि आबांमागं दादांची शिट्टी वाजायची: ट्रक मागं घ्या! ट्रकला वाट दाखवायचं काम आत्यांचं. दरवेळी दुसरं कडवं संपायचं आणि तिसऱ्याच्या वेळेला आत्यांच्या कानात ट्रकचं इंजिन.

कुणी सांगू लागलं, तर त्या कानांवर हात ठेवत. "सांगू नका. मी एकदा बसून ऐकणार आहे."

आता 'बिनपगारीं'नी जाहीर केलं होतं की हा शेवटचा दौरा. गुडघे साथ देत नाहीत.

तिकिटाच्या दिवशी जेवताना जे झालं ते वहिनींच्या समोरच झालं.

"आबांचा नियम आहे," दादा म्हणाले होते.

"आबा गेले. नियमालाही आता निवृत्त कर की."

"आज तू बसशील. उद्या बाळ्या बसेल. परवा हमाल बसतील. मग उभं कोण राहणार?"

"तू राहा. तुला सवय आहे."

पन्नाशीला टेकलेला बाळ्या, म्हणजे दादांचा मुलगा, ताटात बघून म्हणाला, "आत्याचं बरोबर आहे." मग बापाकडे बघून म्हणाला, "आणि दादांचंही." बाळ्याला सगळ्यांचंच बरोबर वाटायचं. म्हणून धंद्याचा कारभार त्याची बायको पाहायची.

ती सून मात्र सरळ बोलली. "आत्यांनी तिकीट काढलंय ना? मग त्या गिऱ्हाईक झाल्या. गिऱ्हाईकाला उभं ठेवायचं नाही, हा पण आबांचाच नियम."

दादांनी बराच विचार केला. मग ते वहिनींना म्हणाले, "हिला तू पसंत केली होतीस," आणि ताटावरून उठले. तेव्हापासून अबोला.

वहिनी त्या वेळी कुणाच्या बाजूनं होत्या? खरं सांगायचं तर स्वयंपाकघरात आत्यांच्या आणि माजघरात दादांच्या. दोन्हीकडे त्या मनापासून होत्या. संसार असाच करावा लागतो.

ट्रक भरून झाला तसे दादा हात झटकत वहिनींजवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "तिला शेवटचं सांग. बसायचं असेल तर खुशाल बस म्हणावं. पण उद्यापासून गोदामात पाऊल टाकायचं नाही."

दादा रागावले की मोठ्यानं बोलत. हळू बोलले म्हणजे ते खरं होतं. आत्यांना नवरा नाही, मूल नाही. गोदाम हेच त्यांचं माहेर, सासर आणि नोकरी.

त्या निघाल्या. गोदामाच्या मध्यापर्यंत निरोप तसाच्या तसा होता. खांबाशी पोहोचेतो तो थोडा निवला. आत्यांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा तोंडातून निघालं, "हे म्हणतात, गर्दी फार असेल, सांभाळून बस."

आत्या थबकल्या. "दादा म्हणाला असं?"

"हो."

"सांभाळून बस? बस म्हणाला?"

"बस म्हणाले," वहिनी म्हणाल्या. आता एक पाऊल पुढं टाकलंच आहे, तर दुसऱ्याला काय भ्यायचं?

आत्यांनी पदराचं टोक उगाचच डोळ्याला लावलं. मग घसा खाकरून म्हणाल्या, "त्याला ढोलाचा दणका सोसत नाही. मागं कर्ण्यांसमोर उभा राहतो आणि दोन दिवस डोकं धरून बसतो. कानात कापूस घाल म्हणावं. चांगला दाबून."

हा निरोप वहिनींनी एक अक्षर न बदलता पोहोचवला. पुढं जे झालं ते या एका प्रामाणिक निरोपामुळे झालं, हे ध्यानात ठेवावं.

"कापूस घाल म्हणाली?" दादांनी विचारलं.

"चांगला दाबून."

"बस म्हटल्यावर काय म्हणाली? गोदामाचं?"

"डोळे पुसले," वहिनी म्हणाल्या. हेही खोटं नव्हतं.

दादा बाळ्याच्या बायकोकडून औषधाच्या पेटीतला कापूस मागून घेऊन गेले.

कार्यक्रम त्याच दिवशी, दुपारीच होता. आधीच्या काळी 'बिनपगारी' मध्यरात्रीपर्यंत वाजवायचे, पण आता त्यांना जेवण वेळेवर लागतं आणि ऐकणाऱ्यांनाही. मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका होती, रक्तदाब मोजायचा तंबू होता, आणि सगळ्यांत लांब रांग मुताऱ्यांना होती. पांढऱ्या शेंड्या बांधलेले आजोबा, पोटावर ताणलेले काळे बनियन, त्यांवर छापलेल्या कवट्या आता हसल्यासारख्या रुंद झालेल्या. एक बाई नातवाच्या ढकलगाडीचा आधार घेऊन चालत होती. गाडीत नातू नव्हता, उशी होती.

आत्या पहिल्यांदाच पुढच्या दारानं आल्या. दारावरचा माणूस त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होता.

"आत्या, माल मागच्या दारानं."

"माल नाही. मी आहे," आत्या म्हणाल्या आणि तिकीट पुढं केलं. त्यानं तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं, मग आत्यांना पाहिलं, मग टोपी काढली.

वहिनी मागून, सामानाच्या दारानं आल्या होत्या आणि रांगांच्या कडेनं हे सगळं बघत होत्या. आत्या आपल्या रांगेत पोहोचल्या. आपली खुर्ची शोधली. वाकून तिचे पाय पाहिले. हलवून पाहिली. पुढच्या खुर्चीशी रेषेत आहे का, हे एक डोळा मिटून पाहिलं. शेजारची खुर्ची बोटभर सरकवली, तिच्यावर एक गृहस्थ बसलेले असताना.

"अहो!" ते गृहस्थ म्हणाले. चामड्याचं जाकीट घातलेले, पण जाकिटाच्या दोन बाजूंची भेट होऊन फार वर्षं झाली असावीत.

"रांग वाकडी होती," आत्या म्हणाल्या आणि बसल्या. म्हणजे टेकल्या. कडेवर, अर्ध्या मांडीनं, दोन्ही पाय जमिनीत रोवून, कुणी येऊन उठवायच्या तयारीत.

वहिनींनी मान वळवली. लांब, शेवटच्या रांगेमागं, ट्रकजवळ दादा हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या दोन्ही कानांतून कापसाचे बोळे बाहेर आले होते. एवढ्या लांबून ते सशासारखे दिसत होते. त्यांनी वहिनींना खुणेनं बोलावलं.

"बसली का?" ते मोठ्यानं ओरडले. कानांत कापूस असलेला माणूस सगळ्या जगालाच बहिरं समजतो.

वहिनींनी मान हलवली.

"पाठ टेकून बस म्हणावं! असं कडेवर बसल्यानं पुढच्या पायांवर भार येतो! खुर्ची मोडेल!"

वहिनी पुन्हा निघाल्या. मैदान लांब होतं आणि गुडघे त्यांनाही होते. पण या निरोपात त्यांना काही बदलावंसं वाटलं नाही.

तोवर 'काळे मोजे' नावाची दुसरी मंडळी वाजवून गेली. तीही जुनीच. त्यांच्या पेटीवाल्यानं एक गाणं दोनदा वाजवलं. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मग रंगमंचावर चार म्हातारे आले आणि मैदान असं ओरडलं की झाडावरचे पक्षी उडाले. गिटारवाल्याचा चष्मा दोरीला बांधलेला होता. ढोलवाल्याला दोघांनी धरून बसवलं, पण बसल्यावर त्याला कुणी आवरू शकलं नाही. गायक काठी टेकत आला. मग त्यानं काठी एका बाजूला ठेवली, माईक धरला आणि त्या वाकलेल्या अंगातून असा आवाज निघाला की वहिनींनी आपोआप छातीवर हात ठेवला.

सगळं मैदान उठून उभं राहिलं.

वहिनी आत्यांच्या रांगेपर्यंत पोहोचल्या होत्या. त्या माणसांच्या मधे अडकल्या. "वन्सं!" त्या कानात ओरडल्या. "हे म्हणतात, पाठ टेकून बसा!"

"आत्ता?" आत्या ओरडल्या. त्या उभ्या होत्या. हात वर होते. केसांतला आकडा सुटला होता. वहिनींनी या बाईला आयुष्यात ओरडताना ऐकलं होतं ते फक्त ट्रकला.

गाण्यामागून गाणं झालं. कुणी बसेना. जाकीटवाले गृहस्थ घामानं निथळत होते आणि आनंदानं रडत होते. दोन गाण्यांच्या मधे ते म्हणाले, "आता एकच जोरातलं. मग 'हातात बूट'. तेव्हा सगळे बसतात. पहिला सूर लागला की अख्खं मैदान एकदम खाली बसतं, तशी रीतच आहे. आणि ते तिसरं कडवं, आहाहा, त्यात तो..."

"सांगू नका!" आत्यांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. परक्या पुरुषाच्या.

जोरातलं गाणं सुरू झालं. आणि मधेच आत्यांचे वर गेलेले हात थांबले. त्यांनी मान वाकडी केली.

"वहिनी. ऐका."

"ऐकतेय की. कान फुटले."

"ते नाही. मागचं."

वहिनींनी ऐकलं. ढोलाच्या मागं, गिटारीच्या खाली, एक आवाज. खट. खट. खटखट. या घरातल्या माणसांना तो झोपेतही ओळखू येतो. खुर्ची मिटल्याचा.

दोघींनी एकदम मागं पाहिलं.

दादांनी काय केलं ते सांगायला नको. साऱ्या हयातीत त्यांनी जे इतर कार्यक्रम पाहिले त्यांत लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले की कार्यक्रम संपलेला असे. इथं लोक उभे होते. टाळ्या वाजवत होते. हात हलवून निरोप घेत होते. एरवी 'बिनपगारीं'चा शेवट ते कानांनी ओळखत, पण आज कापसातून आवाज येतच नव्हता. दादांनी शिट्टी मारली, आणि शिट्टी वाजली की या घरात कुणी विचार करत नाही. बाळ्याचे हात चालू झाले. सुनेचे हात चालू झाले. हमालांचे चालू झाले. गर्दी दारापर्यंत पोहोचायच्या आत मैदान रिकामं करायचं, हा या घराचा लौकिक. मागून पुढं, रांगेमागून रांग. मागचं अर्धं मैदान मोकळं झालं होतं. माणसं जागेवर होती, रंगमंचाकडे तोंड करून नाचत होती, आणि त्यांच्या मागं गवत होतं.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या. "आणि आता हे सगळे बसणार."

जोरातलं गाणं शेवटाला आलं होतं. आता तो संथ सूर लागणार. सत्तरी ओलांडलेली ही अर्धी जत्रा मागं न बघता खाली बसणार. किती खुब्यांची हाडं? रुग्णवाहिका तर एकच होती.

वहिनींना त्या क्षणी आत्यांच्या तोंडावर जे दिसलं ते त्या विसरणार नाहीत. आत्यांनी एकदा रंगमंचाकडे पाहिलं. गायक घोट घोट पाणी पीत होता. त्याच्यासाठी एक उंच स्टूल आणून ठेवलं होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते गाणं आता पाण्याच्या दोन घोटांवर होतं.

"धरा मला," आत्या म्हणाल्या आणि खुर्चीवर चढल्या.

बसण्यापेक्षा मोठं पाप ते. घरच्या खुर्चीवर पाय. वहिनींनी एक घोटा धरला, जाकीटवाल्यांनी दुसरा. आत्यांनी तोंडाभोवती हातांचा कर्णा केला आणि ज्या आवाजानं त्या आयुष्यभर ट्रक मागं घेत आल्या त्या आवाजात ओरडल्या, "बसू नका! कुणीही बसू नका!"

चाहत्यांना ते फार आवडलं. शेवटच्या कार्यक्रमाला शोभणारी हाक. मागच्या रांगेनं उचलली, मग डावीकडची. "बसू नका! बसू नका!" टाळ्यांच्या ठेक्यावर सगळं मैदान ओरडू लागलं.

स्टुलावर टेकायला निघालेला गायक अर्ध्यात थांबला. त्यानं मैदानाकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं.

"अहो, दया करा," तो माईकमधून म्हणाला. "माझा एक गुडघा लोखंडी आहे. हे एक गाणं बसून म्हणू द्या."

"तुम्ही बसा हो!" आत्या खुर्चीवरून ओरडल्या. "तुमचं स्टूल आमचं नाही! बाकीच्यांनी मागं बघा! मागं!"

आता लोकांनी मागं पाहिलं. गायकानंही कपाळावर हात धरून लांब पाहिलं.

"आमच्यावर आजपर्यंत टोमॅटो फेकले, बाटल्या फेकल्या," तो सावकाश म्हणाला. "गाणं चालू असताना खुर्च्या काढून नेल्या, हे पहिल्यांदाच."

मैदान हसलं. मधल्या वाटेनं दादा पुढं येत होते, दोन्ही काखेत दोन दोन मिटलेल्या खुर्च्या, मान खाली, कामात बुडालेले. सगळं मैदान त्यांच्याकडे बघतंय हे त्यांना कळलं तेव्हा ते अगदी मध्यावर पोहोचले होते. ते थांबले. बावरले. काखेतल्या खुर्च्या सोडवेनात आणि धरवेनात.

आत्या खाली उतरल्या. गर्दीनं वाट दिली. वहिनी सवयीनं पुढं झाल्या, निरोप कुणाचा कुणाला न्यायचा ते विचारायला, पण आत्या त्यांना ओलांडून गेल्या, दादांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या एका कानातला बोळा ओढून काढला.

"दादा, संपलं नाही अजून."

"उभे राहिलेत की सगळे!"

"आनंदानं उभे राहिलेत."

दादांनी चारी बाजूंना पाहिलं. "आनंदानं बसता येत नाही का माणसाला?"

आत्यांनी दुसऱ्या कानातला बोळा काढला.

"खुर्च्या लावा निवांत," रंगमंचावरून गायक म्हणाला. "आम्ही नुसतं वाजवत राहतो. आम्हाला तरी घरी कोण विचारतंय?"

आणि मग जे झालं ते कुठल्याच गोदामाच्या इतिहासात झालं नसेल. म्हाताऱ्यांनी माणसांची साखळी केली. मिटलेल्या खुर्च्या हातोहात मागून पुढं, पुढून मागं जाऊ लागल्या. कवट्यावाले आजोबा खुर्च्या उघडू लागले, बोटं चिमटून घेऊ लागले, शिव्या देऊ लागले. बाळ्या धावत होता आणि सगळ्यांना तुमचं बरोबर आहे म्हणत होता. सुनेनं आवाज चढवून रांगा धरल्या. आत्या आपसूक वळल्या. त्यांचा हात वर गेला, तोंड उघडलं, रांग सरळ करायला.

"तू नको," दादा म्हणाले.

"वाकडी जातेय, बघ ना."

"जाऊ दे वाकडी. तुझं गाणं लागतंय ना ते? मी घालतो रांग. तू बस."

"माझी खुर्ची गेली साखळीत."

दादांनी काखेतल्या चारांतली एक खुर्ची निवडली. तिथंच, मधल्या वाटेत, उघडली. हातानं हलवून पाहिली. खांद्यावरच्या रुमालानं बैठक पुसली, मग पाठ पुसली. आणि ते मागं उभे राहिले, पाठ धरून, फोटोत उभे होते तसे. रांग घालायची ते विसरूनच गेले.

आत्या बसल्या. कडेवर नाही. मागं सरून, पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून. त्यांच्या तोंडातून एक असा सुस्कारा निघाला की शेजारून जाणाऱ्या हमालानं वळून पाहिलं.

'हातात बूट' सुरू झालं.

वहिनी बाजूला उभ्या होत्या. पहिल्या कडव्यात आत्यांचे डोळे ओले होते. दुसऱ्या कडव्यात ते मिटले. वहिनींना वाटलं, तल्लीन झाल्या. मग आत्यांची हनुवटी छातीवर टेकली आणि एक बारीक, एकसुरी घोरणं ऐकू येऊ लागलं.

पहाटेपासून ट्रक भरलेला. साऱ्या जन्माचं उभं राहणं. आणि अंगाला पहिल्यांदाच मागून टेकू मिळालेला.

"अहो, उठवा त्यांना!" वहिनी कुजबुजल्या. "तिसरं कडवं येतंय! त्यासाठीच तर आल्यात!"

दादांनी बहिणीच्या डोक्याकडे पाहिलं. एक हात खुर्चीच्या पाठीवरून उचलला, खांद्यापर्यंत नेला, आणि तसाच परत आणला.

"बसलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही," ते म्हणाले. "आबांचा..."

"आबांचं राहू द्या आता!"

"थांब, ऐकू दे," दादा म्हणाले. कान मोकळे होते. ते पुढं वाकले होते, गायकाच्या तोंडाकडे बघत, हिशेबाला बसल्यासारखे. इतक्या वर्षांत वहिनींनी त्यांना गाणं ऐकताना पाहिलं नव्हतं. त्यांना ते नीट जमतही नव्हतं. भुवया आवळून, ओठ हलवून, एकेक ओळ जणू मोजून पोत्यात भरत होते.

टाळ्यांच्या कडकडाटानं आत्यांना जाग आली.

"झालं?"

"झालं," दादा म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

आत्यांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. चार म्हातारे एकमेकांना धरून वाकून नमस्कार करत होते. आत्यांचं तोंड लहान मुलीसारखं झालं. "उठवलं का नाहीस रे? आता पुन्हा नाही येणार ते."

"तू झोपली होतीस."

"झोपले होते म्हणूनच उठवायचं असतं!"

"रडू नको. मी ऐकलंय. सांगतो." दादांनी कमरेवर हात ठेवले. भोवती लोक उठून दाराकडे निघाले होते. या वेळी कार्यक्रम खरोखर संपला होता, पण दादांनी शिट्टी मारली नाही. "एक माणूस असतो. घरी येतो. उशीर झालेला असतो. तर तो बूट काढतो आणि हातात घेतो."

हे आत्यांना माहीत होतं. पहिलं कडवं त्या झोपेतही म्हणत. पण त्या खुर्चीत पुढं सरकून ऐकू लागल्या.

"मग तो दार वाजवत नाही. का वाजवत नाही ते सांगितलेलं नाही. माझ्या मते मूर्ख आहे. नुसता पायरीवर उभा राहतो, आतला दिवा बघत."

हे दुसरं कडवं. आत्यांचे ओठ दादांच्या एक शब्द पुढं हलत होते, वहिनींना दिसत होतं.

"मग दार उघडतं," दादा म्हणाले.

आत्यांचे ओठ थांबले.

"आतून उघडतं. बाई असते. आणि तिच्या पण हातात बूट."

"तिच्या?"

"तिच्या. ती निघालेली असते. गुपचूप. दोघं एकमेकांच्या हाताकडे बघतात."

"मग?"

"मग काय. बसतात पायरीवर. दोघंही. बूट मधे ठेवतात."

"बोलतात का?"

दादांनी आठवून पाहिलं. "बोलण्याचं काही म्हटलं नाही त्यानं. नुसतं बसतात म्हणाला. उजाडेपर्यंत."

आत्यांनी सुटलेला आकडा पुन्हा केसांत खोचला. मग म्हणाल्या, "चाल कशी होती त्या कडव्याची? तशीच, की बदलली?"

दादांनी इकडं तिकडं पाहिलं. घसा साफ केला. आणि भर मैदानात, जन्मात पहिल्यांदा, त्यांनी गाणं म्हटलं. तो आवाज ऐकून रक्तदाबाच्या तंबूतला माणूस बाहेर आला.

"काहीतरीच," आत्या म्हणाल्या. "अशी असूच शकत नाही."

"मी ऐकलीय."

"अरे, 'बिनपगारी' इतका वर सूर लावतच नाहीत संथ गाण्यात."

"लावला. तू झोपली होतीस."

"पुन्हा म्हण."

दादांनी पुन्हा म्हटलं. या वेळी आणखी वर. आत्यांनी कपाळाला हात लावला, हवेत बोट फिरवून त्यांना सूर खाली घ्यायला सांगितलं, आणि दोघं जोरजोरात भांडू लागले. तोंडाला तोंड देत, मधे कुणी नाही.

वहिनी थोडा वेळ थांबल्या, कुणी हाक मारतंय का ते बघत. कुणी मारली नाही. तेव्हा त्यांनी वाकड्या रांगेतली एक खुर्ची ओढली, चपला काढल्या आणि बसल्या.